कान, मेंदू आणि ऐकणं: सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

श्रवण तपासणीसाठी येणारी माणसं आणि त्यांच्यासोबतचे नातेवाईक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पूर्व भागातले यंत्रमाग कामगार, टॉवेलच्या कारखान्यातले जॉबर, विड्या वळणाऱ्या बायका, तान्ह्या बाळाला घेऊन आलेल्या आया, नातवाने हट्टाने आणलेले आजोबा अशी ही मंडळी. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट निघते. कानापासून मेंदूपर्यंतच्या वाटेवर चेतापेशींचे जे सांधे आहेत, ते एकदाचे ठरून गेलेले नसतात. आपण काय ऐकतो, किती ऐकतो आणि कोणत्या वयात ऐकतो, त्यावर ते बळकट होतात, दुबळे पडतात किंवा तुटतात.

ऐकायचं काम कानाचं. त्यात मेंदू कुठून आला?

आवाज म्हणजे हवेतली कंपनं. ती पडद्याला हलवतात, पडद्यामागच्या तीन चिमुकल्या हाडांमधून आत जातात आणि वेटोळ्याच्या आकाराच्या कॉक्लियातल्या द्रवाला हलवतात. तिथे प्रत्येक कानात साधारण ३,५०० आतल्या केसपेशी असतात. कंपनाचा संदेश त्या तयार करतात आणि जवळपास ३०,००० तंतूंची श्रवणनस तो उचलते. कानाचं काम इथे संपतं.

पुढे हा संदेश मेंदूच्या देठात, मध्यमेंदूत, थॅलॅमसमध्ये आणि शेवटी कानशिलांच्या आतल्या श्रवणकेंद्रात पोचतो. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, बोलणारी आई की मावशी, ‘पाणी’ म्हटलं की ‘पाटी’, हे सगळं या वाटेवर ठरतं. त्यामुळे ‘ऐकू येतं हो, पण शब्द कळत नाहीत’ असं कोणी म्हणालं, तर तो माणूस बहाणे करत नसतो. आवाज कानापर्यंत पोचतोय, बिनसलंय ते पुढच्या वाटेवर.

सिनॅप्स म्हणजे काय? आणि तो बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?

एक चेतापेशी संपून दुसरी सुरू होते तिथे दोघींमध्ये एक अतिसूक्ष्म फट असते, मिलिमीटरच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाइतकी. पहिली पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरीवरचे ग्राहक ते पकडतात आणि तिच्यात नवा संदेश उठतो. या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. केसपेशी आणि श्रवणनस यांच्यामधल्या सांध्यावर हे रसायन ग्लुटामेट असतं.

सांधा बदलतो तेव्हा रसायन कमी-जास्त सुटायला लागतं, समोरचे ग्राहक वाढतात किंवा घटतात, कधी नवे सांधे तयार होतात, कधी जुने नाहीसे होतात. १९४९ मध्ये कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी मांडलं की एक पेशी दुसरीला चेतवण्यात वारंवार हातभार लावत असेल, तर त्या दोघींमधला दुवा बळकट होत असणार. १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूत हे मोजून दाखवलं. थोडा वेळ वेगाने उत्तेजन दिल्यावर सांध्याचा प्रतिसाद वाढला आणि पुढे कित्येक तास तसाच टिकला. याच्या उलटही घडतं, वापर नसेल तर दुवा क्षीण होतो. श्रवणतज्ज्ञ ‘श्रवणयंत्र रोज घाला’ म्हणून मागे लागतात, त्याचं कारण हेच.

हे बदल व्हायला किती वेळ लागतो?

हजारांश सेकंदापासून काही वर्षांपर्यंत. मेंदूच्या देठात ‘कॅलिक्स ऑफ हेल्ड’ नावाचा एक अवाढव्य सिनॅप्स आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ हान्स हेल्ड यांनी १८९३ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो सेकंदाला शेकडो संदेश पुढे पाठवू शकतो. सलग मारा झाला की त्याचा प्रतिसाद क्षणात उतरतो आणि काही सेकंदांच्या विश्रांतीत भरून येतो. हा झाला तात्पुरता बदल. श्रवणयंत्राला मेंदू सरावणं हा आठवड्यांचा आणि महिन्यांचा हिशोब, आणि मुलाने भाषा पकडणं हा वर्षांचा.

बाळ ताटली पडली की दचकतं. म्हणजे ऐकू येतंच ना?

एवढ्यावर विसंबू नका. मोठ्या आवाजाला दचकणारं बाळ बोलण्यातले बारीक आवाज ऐकत नसण्याची शक्यता असते. ताटली पडल्यावर जमिनीला बसलेला हादराही त्याला जाणवतो. दर हजार नवजात बाळांमागे साधारण एक ते तीन बाळांमध्ये लक्षणीय श्रवणदोष असतो, आणि बाळाकडे नुसतं बघून तो कळत नाही.

घाई कशासाठी, ते सांगते. गर्भात पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास बाळ ऐकायला लागतं. म्हणजे जन्माला येतं तेव्हा त्याच्या मेंदूने आईचा आवाज काही महिने ऐकलेला असतो. उंदरांच्या पिल्लांत तर बाहेरचं ऐकू येण्याच्याही आधी कॉक्लिया आपणहून संदेशांचे झोत सोडते आणि पुढची वाट तयार करायला लागते. निसर्ग इतक्या लवकर कामाला लागतो. आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘मुलगा आहे, उशिरा बोलेल. याचा काकाही चौथ्या वर्षी बोलायला लागला.’ हे ऐकलं की खरंच जीव तुटतो, कारण वाट बघण्यात जातात ते सगळ्यात मोलाचे महिने असतात.

जगभर पाळला जाणारा नियम सोपा आहे: पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू.

दवाखान्यात एक तपासणी ‘पास’ झाली. तरी बेरा टेस्ट कशाला सांगतात?

दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या जागा बघतात. बहुधा आधी होते ती ओएई. तिच्यात कॉक्लियातल्याच, पण आवाजाला जोर देणाऱ्या बाहेरच्या केसपेशींची हालचाल कळते. बेरामध्ये संदेश श्रवणनसेतून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का, ते कळतं.

काही मुलांमध्ये ओटोफर्लिन नावाचं प्रथिन सदोष असतं. केसपेशी व्यवस्थित हलतात, पण पहिल्याच सिनॅप्सवर ग्लुटामेट सुटत नाही. ओएई पास होते आणि बाळाला ऐकू मात्र काहीच येत नाही. याच दोषावर शांघायच्या डॉक्टरांनी कानात निरोगी जनुक सोडण्याचा उपचार करून पाहिला. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत सहापैकी पाच मुलांना ऐकू यायला लागलं होतं. एक सांधा दुरुस्त झाला आणि पुढची सगळी वाट जागी झाली. हा उपचार तेव्हा चाचणीच्या टप्प्यात होता आणि तो फक्त याच जनुकदोषाला लागू पडतो, त्यामुळे प्रत्येक बहिऱ्या मुलासाठी त्याची वाट बघत बसू नये.

बाळाला जन्मानंतर कावीळ खूप वाढली असेल किंवा काचेच्या पेटीत ठेवावं लागलं असेल, तर ओएई पास असली तरी बेरा करून घ्याच.

घराला लागूनच मागाची शेड आहे. बाळ त्या खडखडाटातच झोपतं. चालेल का?

पूर्व भागातल्या आया हा प्रश्न फार संकोचाने विचारतात, कारण त्यांच्या हातात फारसं काही नसतं. म्हणून उत्तर नीट देते.

२००३ मध्ये एडवर्ड चँग आणि मायकेल मर्झेनिक यांनी उंदरांची पिल्लं सतत चालणाऱ्या मध्यम पातळीच्या गोंगाटात वाढवली. आवाज कानाला इजा करण्याइतका मोठा नव्हता. तरीही त्या पिल्लांच्या मेंदूतलं श्रवणकेंद्र अपरिपक्व राहिलं. वेगवेगळ्या स्वरांसाठी वेगवेगळ्या पेशींची जी वाटणी व्हायला हवी, ती झालीच नाही. एकसुरी गोंगाटात वेगळं काढण्यासारखं काही नसतं, त्यामुळे सांधे निवडले जात नाहीत. यातली आशेची बाजू अशी की गोंगाट थांबल्यावर ती वाढ पुन्हा सुरू झाली. दार बंद झालं नव्हतं, उघडायचं राहिलं होतं.

उंदराचा निष्कर्ष माणसाच्या बाळाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी त्यातून करण्यासारखं बरंच निघतं. झोळी शेडच्या सामायिक भिंतीपासून घरातल्या सगळ्यात लांबच्या खोलीत बांधा. मधलं दार बंद ठेवा, जाड चादरीचा पडदा लावा, चादरींना तर आपल्याकडे तोटा नाही. आणि वीज जाते, जेवणाची सुट्टी होते, पाळी बदलते, तेव्हा ती शांत वेळ बाळाला द्या. तोंडासमोर घेऊन बोला, ओव्या म्हणा, तेलुगूत अंगाई गा. बाळाच्या मेंदूला अशा वेळी ऐकलेलं बोलणं निवडून घ्यायला मिळतं. काम सोडा, घर बदला, असं मी कोणाला सांगत नाही. रोजची ही अर्ध्या-पाऊण तासाची शांत वेळ मात्र हक्काने मागते.

घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड. मुलाचा गोंधळ होईल का?

नाही. सोलापूरच्या कित्येक पिढ्या अशाच वाढल्या आहेत.

उलट लहान वयात कानावर पडलेले आवाज मेंदू जपून ठेवतो. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवलं की इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला ‘ट’ आणि ‘त’ यांतला फरक ओळखतात, पण दहा ते बारा महिन्यांपर्यंत त्यांतल्या बहुतेकांची ही क्षमता ओसरते. हिंदी ऐकणारी बाळं मात्र तो फरक ओळखत राहतात. म्हणजे एक वर्षाच्या आतच मेंदूने निवड सुरू केलेली असते. आपल्या घरातलं तान्हं बाळ मराठीतला ‘ळ’ आणि तेलुगूतले ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ दोन्ही ऐकत असेल, तर ते त्याला मिळालेलं धन आहे.

फक्त एक लक्षात ठेवा. दोन वर्षांचं मूल एकाही भाषेत शब्द बोलत नसेल, तर त्याचं खापर तीन भाषांवर फोडून गप्प बसू नका. आधी कान तपासा.

कॉक्लियर इम्प्लांट कोणत्या वयापर्यंत करावं?

इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं, श्रवणनसेला थेट विजेचे संदेश देणारं यंत्र. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या बाबतीत, जितक्या लवकर तितकं उत्तम. पहिल्या-दुसऱ्या वर्षात झालं तर भाषेला सगळ्यात चांगली संधी मिळते.

अमेरिकेत अनू शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इम्प्लांट केलेल्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला येणारा प्रतिसाद मोजला. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांत तो प्रतिसाद सहा ते आठ महिन्यांत वयाला साजेसा झाला. सात वर्षांनंतर झालेल्या बहुतेक मुलांत तो तसा झाला नाही. ऐकण्याचा वापर होत नसेल तर मेंदूचा तो भाग रिकामा बसत नाही, डोळ्यांनी आणि स्पर्शाने आलेली माहिती तिथे शिरकाव करते. नंतर आवाज आला तरी जागा मिळवणं अवघड जातं. साडेतीन ते सात या मधल्या काळात प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. श्रवणयंत्र आधीपासून वापरलं का, थोडंफार ऐकू येत होतं का, यावर पुष्कळ अवलंबून असतं. आधी छान बोलत-ऐकत असलेल्या आणि नंतर ऐकणं गेलेल्या मोठ्या माणसाला ही वयाची अट लागू नाही, त्याची वाट आधीच तयार झालेली असते.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम झालं, हा समज घालवायला हवा. इम्प्लांट फक्त संदेश पाठवतं. तो वाचायला मेंदू शिकतो, आणि त्यासाठी रोजचा श्रवण-वाचा सराव लागतो, तोही मुख्यतः घरात. भाजी निवडताना, न्हाऊ घालताना, कपडे घडी करताना बोलणारी आई जे साधते ते आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या थेरपिस्टला साधत नाही. आणि ज्यांची वेळ निघून गेली, त्या मुलांना खुणांच्या भाषेपासून तोडू नका. मेंदूला भाषा हवी असते, ती हातांनी मिळाली तरी तो फुलतो.

एक कान सतत वाहतो, पण दुसरा ठणठणीत आहे. मग बिघडलं कुठे?

मोठ्या माणसात गैरसोय होते, लहान मुलात त्याहून जास्त नुकसान होतं.

आवाजाची दिशा मेंदू दोन कानांच्या तुलनेतून काढतो. एका बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानाला जास्तीत जास्त सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या सहा-सात पट इतका उशिरा पोचतो. त्यातला सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरकही माणसाचा मेंदू ओळखू शकतो. विजापूर रस्त्यावर मागून येणारी दुचाकी कोणत्या बाजूने येतेय, हे आपल्याला न बघता कळतं ते यामुळेच. वर्गातल्या गलक्यातून बाईंचा आवाज वेगळा काढायलाही हीच तुलना कामाला येते.

ही तुलना करणारे सांधे लहानपणीच्या ऐकण्यातून जुळतात. एरिक नुडसेन यांनी गव्हाणी घुबडाच्या पिल्लांचा एक कान बंद करून पाहिला. पिल्लांच्या मेंदूने काही आठवड्यांत नव्या परिस्थितीनुसार दिशेचं गणित दुरुस्त केलं. प्रौढ घुबडांना ते जमलं नाही. मुलाचा कान महिनोन्‌महिने वाहत राहिला, तर मेंदू चांगल्या कानाकडे झुकतो आणि पुढे पडदा बरा झाला तरी कमजोर कानाचं वजन लगेच परत येत नाही. कानात गरम तेल घालत बसू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

मागाच्या आवाजाची सवय झाली, आता त्रास होत नाही. म्हणजे कान पक्का झाला ना?

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला समोर बसवून मी सांगते: नाही, कान कधी पक्का होत नाही.

सवय होते ती मेंदूला. तोच तो आवाज सतत आला की वाटेवरचे सांधे त्याला कमी दाद देतात आणि लक्ष त्यावरून उठतं. त्याच वेळी कानात मात्र झीज चालूच असते. कधीकधी त्रास कमी वाटतो तो केसपेशी मेल्यामुळे, आणि माणसाच्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. धोट्याच्या मागाच्या शेडमध्ये आवाज सर्रास ९० डेसिबेलच्या वर असतो. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० ची मर्यादा आहे. कानाच्या हिशेबाने ८५ ही अधिक सुरक्षित मर्यादा मानली जाते आणि दर तीन डेसिबेलला सुरक्षित वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. बारा तासांच्या पाळीचं गणित यात कुठेच बसत नाही.

मागावर जुनी झालेली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. शेडमध्ये ते कौशल्य असतं. घरी बायको पाठमोरी बोलली की कळत नाही आणि ‘हे लक्षच देत नाहीत’ म्हणून भांडण होतं. अशी जोडपी तपासणीला एकत्र आली की बरं वाटतं.

ऑडिओग्राम नॉर्मल आला. तरी लग्नाच्या हॉलमध्ये, बाजारात बोलणं कळत नाही. का?

ऑडिओमेट्रीत शांत खोलीत बारीकातला बारीक सूर ऐकू येतो का, हे बघतात; तिचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. गोंगाटात शब्द वेगळे काढणं ही निराळी परीक्षा आहे.

२००९ मध्ये अमेरिकेत शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबेलचा आवाज ऐकवला. काही दिवस ऐकणं मंदावलं आणि नंतर पूर्ववत झालं. केसपेशी सगळ्या शाबूत होत्या. पण कॉक्लियाच्या उंच स्वरांच्या भागात केसपेशी आणि नस यांच्यामधले जवळपास निम्मे सिनॅप्स कायमचे गेले होते, आणि पुढच्या काळात ते तंतू हळूहळू मरत गेले. अतिरिक्त ग्लुटामेटच्या माऱ्याने तंतूंची टोकं फुगून सांधे सुटतात, असं त्यामागचं कारण सांगितलं जातं. प्राण्यांमधल्या पुढच्या अभ्यासात दिसलं की आधी जातात ते मुख्यतः मोठ्या आवाजाला दाद देणारे तंतू, म्हणजे गोंगाटात कामाला येणारे. बारीक सूर ऐकणारे उरतात, त्यामुळे ऑडिओग्राम साफ दिसतो. माणसांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या अंतर्कर्णांतही वयाबरोबर केसपेशींपेक्षा नसेचे तंतू अधिक गेलेले आढळले आहेत.

जिवंत माणसात हे गेलेले सांधे मोजणारी सर्वमान्य तपासणी अजून नाही. तुमच्याकडून गोंगाटातल्या शब्दांची चाचणी मात्र करून घेता येते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत’ असं कोणी सांगितलं तर ती चाचणी मागा.

मिरवणुकीत डीजेजवळ नाचलो. दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती, आता थांबली. आता ठीक ना?

वरचा प्रयोग पुन्हा वाचा. शिट्टी थांबली म्हणजे सगळं भरून आलं असं नाही. लेझीमच्या पथकातली पोरं दहा-पंधरा वर्षांची असतात आणि स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून तासन्‌तास खेळतात. सोलापूरची लेझीम हलगीवर शोभते, त्यात या मुलांचे कानही वाचतात.

शिट्टी थांबतच नसेल तर तिचं मूळ बहुधा मेंदूत असतं. कानाकडून येणारा संदेश रोडावला की वाटेवरच्या पेशी आपली संवेदनशीलता वाढवतात. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवतो आणि खरखरही वाढते, तसं. निरोगी माणसांच्या एका कानात आठवडाभर बोळा ठेवून पाहिलं तर बहुतेकांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले आणि बोळा काढल्यावर ते गेले. मेंदूच्या देठात कानाचे आणि जबडा-मानेचे संदेश एकत्र येतात अशी एक जागा आहे, तिथले सांधेही यात बदललेले असतात. म्हणून दात आवळले की काहींची शिट्टी बदलते.

अशा वेळी सतत कान झाकून शांततेत बसू नका, त्याने संवेदनशीलता आणखी वाढते. पंखा, मंद गाणं असा हलका आवाज खोलीत असू द्या. ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्राने शिट्टीही बऱ्याचदा दबते. एका दिवसात अचानक एक कान बंद झाला, तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी तज्ज्ञाला गाठा, औषध पहिल्या काही दिवसांतच लागू पडण्याची शक्यता जास्त असते.

कानात कापूस घालून काम केलं तर?

कापसाने जवळजवळ काहीच अडत नाही. फोमचे बोळे किंवा कानावरचे मफ वापरा, आणि बोळा कान वर ओढून पूर्ण आत बसवा. अर्धवट घातलेला बोळा कापसासारखाच.

आईला श्रवणयंत्र घेतलं. ती म्हणते डोकं उठतं, आणि ते कपाटात पडून आहे. पैसे वाया गेले का?

अजून नाही. वर्षानुवर्षं आईच्या मेंदूला बारीक, उंच आवाज मिळालेच नव्हते. यंत्र लावताच ते सगळे एकदम येतात. भाकरी थापताना होणारा थपथप आवाज, तवा-उलथन्याचं घासणं, नळाची धार, प्लास्टिकच्या पिशवीची कुरकुर. पूर्वी मेंदू हे आपसूक बाजूला टाकायचा, आता ती सवय मोडलेली असते आणि प्रत्येक आवाज सारखाच मोठा वाटतो. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघर हीच सगळ्यात त्रासाची जागा असते, हे मी शेकड्याने बायकांकडून ऐकलंय.

म्हणून सुरुवात तिथे करू नका. पहिले काही दिवस शांत खोलीत, एका माणसाशी समोरासमोर बोलताना यंत्र लावा. मग देवपूजा, टीव्हीच्या बातम्या. मग स्वयंपाकघर. बाजार आणि लग्नकार्य सगळ्यात शेवटी. रोज तास वाढवत जा आणि जागेपणी दिवसभर घालण्यापर्यंत पोचा. सांधे जुळायला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि एक दिवस घालून चार दिवस ठेवून दिलं तर मेंदू दर वेळी पहिल्यापासून सुरू करतो. पाहुणे आले की तेवढ्यापुरतं लावायचं, हा सगळ्यात वाईट प्रकार. त्याच दिवशी सगळ्यात जास्त गोंगाट असतो आणि त्याच दिवशी यंत्र नापास ठरतं.

यंत्राची जुळणी दोन-तीनदा बदलून घ्यावी लागते, त्यासाठी पुन्हा जायला लाजू नका. किती तास घातलं याची नोंद बऱ्याच यंत्रांत राहते, ती दाखवायला सांगा.

साठीनंतर मेंदू बदलतो का? मोबाइलवरचे सराव उपयोगी आहेत का?

बदलतो, फक्त लहानपणासारखा आपोआप नाही. लक्ष द्यावं लागतं. १९९३ मध्ये ग्रेग रेकान्झोन, मर्झेनिक आणि सहकाऱ्यांनी प्रौढ माकडांना सुरांतला बारीक फरक ओळखायला शिकवलं. त्या सुरांसाठीचा मेंदूतला भाग विस्तारला. तेच सूर दुसऱ्या माकडांच्या कानावर पडत होते, पण त्यांचं लक्ष स्पर्शाच्या कामाकडे होतं. त्यांच्यात तो बदल झाला नाही. लक्ष गुंतलं की मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि सांधे बदलायला तयार होतात.

मोबाइलवरच्या सरावाने त्या सरावातली कामगिरी सुधारते, रोजच्या बोलण्यात मात्र त्याचा फायदा मर्यादित दिसतो. त्यापेक्षा नातवाने रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचावं आणि आजोबांनी ऐकून सांगावं. भजनी मंडळ सोडलं असेल तर पुन्हा जावं.

ऐकू कमी आलं की विसरायला होतं, हे खरं का?

संबंध आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आयोगाने २०२० आणि २०२४ च्या अहवालांत श्रवणदोषाला टाळता येण्याजोग्या मोठ्या धोक्यांमध्ये धरलंय. अपुरा संदेश जुळवण्यात मेंदूची शक्ती खर्च होते आणि माणूस गप्पांतून बाजूला पडतो, हे दोन्ही त्यात येतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांनी सगळ्या गटात मिळून श्रवणयंत्राचा फायदा दिसला नाही, पण आधीच धोका जास्त असलेल्या वृद्धांमध्ये बौद्धिक घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. म्हणजे यंत्र हे विसरण्यावरचं औषध नाही, तरी बाबांना ते वेळेवर देण्याचं हे आणखी एक कारण आहे.

तुटलेले सांधे जोडणारी गोळी किंवा तेल मिळतं का?

नाही. प्राण्यांमध्ये वाढीचे घटक वापरून काही सांधे परत आणता आले आहेत, माणसासाठी मान्य झालेलं औषध अजून नाही. जाहिरातीतल्या थेंबांवर पैसे घालवू नका.

सोलापुरात तपासणीला कुठे जावं, आणि काय न्यावं?

सिव्हिलमध्ये, म्हणजे शासकीय रुग्णालयात, कान-नाक-घसा विभाग आहे. अंगणवाडी आणि शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक जन्मजात बहिरेपणाचीही दखल घेतं, त्यांना मुलाबद्दलची शंका स्पष्ट सांगा. जाताना जुने सगळे ऑडिओग्राम, बाळ असेल तर जन्माच्या वेळची फाइल, चालू असलेल्या औषधांची नावं आणि असलं तर कपाटातलं श्रवणयंत्र घेऊन जा. शेडमधून थेट येऊ नका. आदल्या दिवसापासून कानाला विश्रांती दिलेली असली तर रिपोर्ट खरा येतो, म्हणून सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घ्या. आणि घरातलं एक माणूस सोबत आणा, कारण ऐकू येत नाही ते कुठे आणि कधी, हे त्यालाच जास्त माहीत असतं.